बॅकअपसाठी कपॅसिटर किती फॅरडचा घ्यायचा?

माझा पहिला बॅकअप कपॅसिटर कागदावर उत्तम चालला होता. बोर्ड छोटाच होता. सेन्सरच्या नोंदी मेमरी कार्डवर लिहायचा आणि ५ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर खायचा. वीज गेली की उघडी फाइल नीट बंद करायला त्याला ८ सेकंद हवे होते. ५ गुणिले ०.३ म्हणजे दीड वॅट, आणि आठ सेकंदांचे १२ ज्यूल. हाताशी बटण सेलसारखा दिसणारा १ फॅरड (फॅरड हे कपॅसिटरच्या साठवणक्षमतेचं एकक), ५.५ व्होल्टचा कपॅसिटर पडला होता. तो ५ व्होल्टपर्यंत भरला की त्यात साडेबारा ज्यूल बसतात. वर अर्धा ज्यूल उरतोय म्हणून मी खूश. प्लग काढला आणि बोर्ड तिथल्या तिथे मेला.

कपॅसिटर खराब असेल म्हणून मीटर लावला, तर आत जवळजवळ ५ व्होल्ट तसेच! ऊर्जा होती, पण बाहेर येत नव्हती. त्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे डेटाशीटवर (उत्पादकाच्या माहितीपत्रकावर) ज्याला ई.एस.आर. म्हणतात तो, ३० ओहमच्या आसपास होता. ०.३ अँपिअर गुणिले ३० ओहम म्हणजे ९ व्होल्ट. मुळात ५ व्होल्टच असलेल्या कपॅसिटरकडून मी ९ व्होल्ट आतल्या आत गिळायची अपेक्षा करत होतो.

नवख्यांचं गणित बहुतेक इथेच चुकतं. किती ज्यूल साठले ते सगळे बघतात, पण शेवटच्या सेकंदापर्यंत उपसता किती येतात ते बघायचं राहून जातं. खालच्या पायऱ्या त्या दुसऱ्या आकड्यासाठी आहेत.

आधी एक खात्री

कपॅसिटर तुमच्या कामाचा आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. २.७ व्होल्टच्या १०० फॅरडच्या सुपरकपॅसिटरमध्ये, म्हणजे खूप जास्त फॅरडच्या कपॅसिटरमध्ये, साधारण ३६४ ज्यूल मावतात. हा अंगठ्याएवढा भाग असतो. लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसल्या एका लिथियम सेलमध्ये ४०,००० ज्यूलच्या आसपास असतात, म्हणजे शंभरपटीहून जास्त. तेव्हा दोन तास राउटर चालवायचा असेल तर इथेच थांबा आणि बॅटरी घ्या.

कपॅसिटरची खरी जागा काही सेकंद ते काही मिनिटं. फाइल बंद करणं, 'वीज गेली' असा शेवटचा संदेश पाठवणं, मोटर सुरक्षित जागी आणून ठेवणं, घड्याळाची चिप जिवंत ठेवणं ही त्याची कामं. लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी त्याची तक्रार नसते, थंडीत तो बॅटरीइतका गारठत नाही, आणि उन्हात तापलेल्या गाडीतल्या कॅमेऱ्यात लिथियम सेलपेक्षा तोच बरा.

साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुपरकपॅसिटरसमोर अगदीच किरकोळ. १००० मायक्रोफॅरड १२ व्होल्टला भरला तरी त्यात ०.०७ ज्यूल. काम मिलिसेकंदांचं असेल तेव्हा तो घ्यायचा. सिरॅमिकच्या भरवशावर तर बॅकअप ठेवूच नये. छोट्या आकाराच्या सिरॅमिक कपॅसिटरवर व्होल्टेज चढवलं की त्याची धारकता (फॅरडचा आकडा) घटते, कधी कधी छापील आकड्याच्या निम्म्याखाली जाते.

पायरी १ : लोड मोजा आणि मग कमी करा

अडॅप्टरवर '५ व्होल्ट २ अँपिअर' लिहिलंय म्हणून २ अँपिअर धरू नका. तो अडॅप्टर किती देऊ शकतो याचा आकडा आहे, तुमचा बोर्ड किती खातो याचा नाही. मल्टीमीटर पुरवठ्याच्या मालिकेत लावून मोजा. फक्त मल्टीमीटर सरासरी दाखवतो. वायरलेस मॉड्यूल संदेश पाठवताना क्षणभर अँपिअर-दोन अँपिअरचा झटका घेत असेल तर तो त्याला दिसत नाही. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळाला तर ०.१ ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकून त्यावरचं व्होल्टेज बघा.

वेळही मोजूनच घ्या. फाइल बंद व्हायला 'साधारण दोन सेकंद' लागतात, हे वाक्य मी स्वतः बोललो होतो. पन्नास वेळा मोजल्यावर कळलं की एखाद्या वेळी मेमरी कार्ड स्वतःचीच आवराआवर करत बसतं आणि तेव्हा सात सेकंद जातात. आठ आला तो तिथून. इथे सरासरीचा उपयोग नाही, सगळ्यात वाईट वेळ धरायची.

आणि मग कपॅसिटर वाढवण्याआधी लोड कापा. वीज गेल्याचं कळताक्षणी डिस्प्ले, दिवे, पंखा, नको असलेला रेडिओ बंद करा. प्रोग्रॅममधल्या चार ओळींनी लोड निम्मा झाला तर कपॅसिटरही निम्मा होतो.

वीज गेल्याचं कळणार कुठून, तेही आत्ताच ठरवा. कपॅसिटर आणि अडॅप्टर यांच्यामध्ये डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा, नाहीतर कपॅसिटर उलटा अडॅप्टरकडेच रिकामा व्हायला लागतो. व्होल्टेज बघायची वायर डायोडच्या अडॅप्टरकडच्या बाजूला जोडायची. कपॅसिटरच्या बाजूला जोडली तर बोर्डाला बातमी कळेपर्यंत निम्मा साठा संपलेला असतो.

पायरी २ : वरची आणि खालची रेघ

कपॅसिटर म्हणजे पाण्याची टाकी समजा. फॅरड म्हणजे टाकीची रुंदी, व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची. तोटी कधीच तळाला नसते, तळापासून वर असते. तोटीखालचं पाणी टाकीत असूनही तुमचं नाही.

सूत्र असं :

साठलेली ऊर्जा = ०.५ × फॅरड × व्होल्ट × व्होल्ट

वापरता येणारी ऊर्जा = ०.५ × फॅरड × (वरच्या व्होल्टचा वर्ग − खालच्या व्होल्टचा वर्ग)

वर्गामुळे एक मजेची गोष्ट होते. व्होल्टेज निम्म्यावर आलं की पाऊण ऊर्जा वापरून झालेली असते. म्हणून ५ वरून २.५ व्होल्टपर्यंत उतरता आलं तर ७५ टक्के माल हाती लागतो. तोच ५ वरून ४.५ पर्यंतच उतरता आलं तर जेमतेम १९ टक्के.

५ व्होल्टचे बरेच बोर्ड ४.६-४.७ व्होल्टच्या खाली रुसायला लागतात. कपॅसिटर थेट जोडला तर बहुतेक सगळी ऊर्जा तोटीखालीच राहते. म्हणून मध्ये बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे कमी व्होल्टेज वाढवून देणारं सर्किट, घालायचा. कपॅसिटर ५ वरून २.५ पर्यंत उतरत गेला तरी कन्व्हर्टर बोर्डाला ५ व्होल्ट देत राहतो. याची किंमत म्हणजे त्याची कार्यक्षमता. ८५ टक्के धरा, आणि कपॅसिटरचं व्होल्टेज खाली गेल्यावर ती आणखी घसरते का, ते डेटाशीटमधल्या आलेखावर बघा.

वरची रेघ कपॅसिटरच्या कमाल व्होल्टेजवर ओढू नका. २.७ व्होल्टचा सेल (म्हणजे एक सुटा सुपरकपॅसिटर) २.५ वर ठेवा. का, ते आयुष्याच्या पायरीत येईल.

पायरी ३ : गणित

माझ्याच बोर्डाचं करू. लागणारे १२ ज्यूल. ८५ टक्क्यांनी भागले की १४.१ ज्यूल, एवढे कपॅसिटरमधून निघायला हवेत. २.७ व्होल्टचे दोन सेल मालिकेत, प्रत्येकी २.५ म्हणजे वरची रेघ ५ व्होल्ट. खालची रेघ २.५ व्होल्ट.

५ चा वर्ग २५, २.५ चा वर्ग ६.२५. वजाबाकी १८.७५, तिचं निम्मं ९.३७५. १४.१ भागिले ९.३७५ म्हणजे १.५ फॅरड.

हा आकडा वहीत लिहा, पण ऑर्डर देऊ नका. अजून दोन वजावटी बाकी आहेत.

लोड अगदी बारीक आणि स्थिर असेल, घड्याळाच्या चिपसारखा, तर वर्गांची भानगड नको. तिथे साधं सूत्र चालतं : सेकंद = फॅरड × व्होल्टमधली घट ÷ अँपिअर. ०.१ फॅरड, ३ व्होल्टवरून १.८ व्होल्टपर्यंत, चिप खाते १ मायक्रोअँपिअर. उत्तर १,२०,००० सेकंद, म्हणजे तेहेतीस तास. पण कपॅसिटरची स्वतःची गळतीही १ मायक्रोअँपिअर असेल तर? सरळ निम्मे, सोळा-सतरा तास. लोड एवढा लहान असला की गळती हीच मुख्य गिऱ्हाईक होते. डेटाशीटवरचा गळतीचा आकडा बहुधा ७२ तास भरून ठेवल्यानंतरचा असतो. नुकत्याच भरलेल्या कपॅसिटरचं व्होल्टेज सुरुवातीला त्याहून भराभर उतरतं, कारण आतल्या सच्छिद्र कार्बनमध्ये विद्युतभार अजून पसरत असतो.

पायरी ४ : अंतर्गत रोध

ज्याने मला फसवलं तो हा. कपॅसिटरमधून प्रवाह निघाला की प्रवाह गुणिले ई.एस.आर. एवढं व्होल्टेज आतच खर्ची पडतं. बूस्ट कन्व्हर्टर असेल तर गोष्ट आणखी अवघड होते, कारण त्याला ठरावीक वॅट हवे असतात. व्होल्टेज उतरलं की तो जास्त प्रवाह ओढतो, जास्त प्रवाहाने आतली घट वाढते, त्याने व्होल्टेज आणखी उतरतं. एका मर्यादेपलीकडे हा घसरगुंडीचा खेळ सावरत नाही. मर्यादा मोजायला सोपी आहे : वॅट गुणिले ओहम करा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. कपॅसिटरचं आतलं व्होल्टेज या आकड्याच्या वरच राहायला हवं.

बोर्डाला दीड वॅट म्हणजे कन्व्हर्टरला १.७६ वॅट. ३० ओहमच्या त्या बटणाला हे लावलं तर उत्तर येतं साडेचौदा व्होल्ट. म्हणजे मध्ये बूस्ट कन्व्हर्टर टाकूनही तो जन्मात चालला नसता. बटणाचा यात दोष नाही. १९७८ साली एनईसीने 'सुपरकपॅसिटर' नावाने हा प्रकार बाजारात आणला तो संगणकाच्या मेमरीला विजेशिवाय तग धरता यावा म्हणून. मायक्रोअँपिअरच्या कामात ३० ओहम कुणाच्या खिजगणतीत नसतात. मीच त्याला बैलगाडी ओढायला जुंपलं होतं.

आता नळीच्या आकाराचे १० फॅरडचे सेल घ्या. एकाचा रोध समजा ६० मिलिओहम. दोन मालिकेत म्हणजे ०.१२ ओहम, आणि म्हातारपणी दुप्पट होतो असं धरून ०.२४. शेवटच्या क्षणी २.५ व्होल्टवर प्रवाह ०.७ अँपिअर, आतली घट ०.१७ व्होल्ट. म्हणजे कपॅसिटरच्या आत खरी तोटी २.५ वर नाही, २.६७ वर आहे. शिवाय रोधात आठ सेकंदांत अर्धा ज्यूल उष्णता होऊन जातो. गणित पुन्हा मांडलं की १.५ चे १.६३ फॅरड होतात. फरक छोटा दिसतो तो सेल चांगला निवडला म्हणून.

पायरी ५ : नवेपणा आणि म्हातारपण

डब्यावर छापलेला आकडा नव्या कोऱ्या कपॅसिटरचा, आणि तोही उणे-अधिक धरून. उणे २० टक्के सर्रास असतं. वर वय. सुपरकपॅसिटरचं 'आयुष्य संपलं' असं उत्पादक म्हणतात तेव्हा तो बंद पडलेला नसतो. धारकता ३० टक्के घटलेली आणि रोध दुप्पट झालेला असतो. तुमचा बॅकअप त्या दिवशीही चालायला हवा.

०.८ गुणिले ०.७ म्हणजे ०.५६. १.६३ भागिले ०.५६ म्हणजे २.९ फॅरड. दोन सारखे सेल मालिकेत जोडले की धारकता निम्मी होते, म्हणून प्रत्येकी ५.८ फॅरड हवेत. ७ फॅरडचे घेतले तर काठावर जमतं. मी १० चे घेतले. सगळ्या वजावटी धरूनही तेरा-चौदा सेकंद मिळतात आणि रात्री झोप लागते.

डेटाशीटवर आयुष्य '६५ अंशांना १,००० तास' असं वाचून पोटात गोळा येतो, कारण हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस. पण तो आकडा कमाल तापमान आणि कमाल व्होल्टेज दोन्ही एकदम लावून काढलेला असतो. ढोबळ नियम असा की दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट, आणि दर ०.१ व्होल्ट कमी केलं की साधारण पुन्हा दुप्पट. ३५ अंशांवर आठपट. २.७ ऐवजी २.५ व्होल्टवर आणखी चौपट. एकूण ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. ते ०.२ व्होल्ट सोडून द्यायचे ते यासाठी. कपॅसिटर गरम होणाऱ्या भागाला, हीटसिंकला चिकटवून बसवला तर हेच गणित उलटं फिरतं. थंडीत धारकतेपेक्षा रोधच जास्त बिघडतो. उणे तापमानात काम असेल तर त्या तापमानाचा रोध शोधून पायरी ४ पुन्हा करा.

मालिका जोडताना

दोन सेल कधीच तंतोतंत सारखे नसतात. ५ व्होल्ट लावले की एकावर २.३ आणि दुसऱ्यावर २.७ असं होऊ शकतं, आणि मग दुसरा आधी म्हातारा होतो, त्याने असमतोल आणखी वाढतो. उपाय साधा : प्रत्येक सेलला समांतर एकेक सारखा रेझिस्टर. गळतीच्या दहापट प्रवाह त्यातून जाईल असा निवडा. गळती ३० मायक्रोअँपिअर असेल तर ३००, म्हणजे अडीच व्होल्टला ८.२ किलोओहम. सतत थोडी वीज खाणं परवडणार नसेल, किंवा सेल बरेच असतील, तर बॅलन्सिंगची चिप घ्या.

भरणं

रिकामा सुपरकपॅसिटर म्हणजे अडॅप्टरच्या दृष्टीने शॉर्टच. थेट जोडला तर अडॅप्टर उचकी दिल्यासारखा चालू-बंद होत राहतो. मालिकेत रेझिस्टर घातला तर काम भागतं, पण कपॅसिटरमध्ये जेवढी ऊर्जा साठते तेवढीच रेझिस्टरमध्ये जळते, रेझिस्टर कितीही ओहमचा घ्या. छोट्या कपॅसिटरला ते चालून जातं. मोठ्याला स्थिर प्रवाहाचा चार्जर बरा.

१० फॅरडच्या दोन सेलची, म्हणजे मालिकेत ५ फॅरडची, जोडी ०.५ अँपिअरने ५ व्होल्टला भरायला ५० सेकंद लागतात. त्या ५० सेकंदांत तुमच्याकडे पुरा बॅकअप नाही. वीज आली, बोर्ड सुरू झाला, फाइल उघडली आणि दहा सेकंदांत वीज पुन्हा गेली, असं होतंच. म्हणून कपॅसिटर पुरेसा भरल्याशिवाय फाइल उघडायचीच नाही, असं प्रोग्रॅममध्ये घाला.

मुख्य पुरवठ्याच्या बाजूला

पॉवर सप्लायच्या आतल्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिकचं सूत्र हेच, फक्त आकडे वेगळे. समजा त्यातून १०० वॅट ओढायचे आहेत आणि एक आवर्तन, म्हणजे ५० हर्ट्झला २० मिलिसेकंद, तग धरायचा आहे. कपॅसिटरवरचं व्होल्टेज २०० पर्यंत उतरलं तरी सप्लाय चालतो. २३० व्होल्टचं शिखर ३२५, म्हणून गणित सांगतं ६१ मायक्रोफॅरड. पण लाइन १८० व्होल्टवर आलेली असताना वीज गेली तर? शिखर २५५ वरच, आणि उत्तर १६१ मायक्रोफॅरड. इथे वरची रेघ नेहमी वाईट दिवसाची घ्यायची. या बाजूला ३२५ व्होल्ट जीवघेणे असतात. नवखे असाल तर कागदावर शिका, हात घालू नका.

प्लग काढून बघा

पूर्ण भरू द्या, प्लग काढा, घड्याळ लावा. नव्या कपॅसिटरवर आठाऐवजी वीस-पंचवीस सेकंद मिळायला हवेत, कारण म्हातारपण अजून यायचंय. बरोबर आठ मिळाले तर गणितात काहीतरी हरवलंय. म्हातारपणाची रंगीत तालीमही करता येते. १० च्या जागी ५ फॅरडचे सेल लावा, मालिकेत ०.१ ओहमचा रेझिस्टर टाका आणि पुन्हा प्लग काढा. तरीही फाइल शाबूत राहिली तर डबा बंद करायला हरकत नाही.

सोल्डरिंगला हात लावण्याआधी कपॅसिटर रिकामा करा. पकडीने किंवा स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचा नाही, टोक वितळतं. १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर चारपाच मिनिटं धरून ठेवा. मीटरवर शून्याजवळ आकडा आला म्हणून लगेच काढू नका. काढला की थोड्या वेळाने व्होल्टेज आपोआप वर चढलेलं दिसतं, सच्छिद्र कार्बनच्या खोलवरचा भार तोवर वर आलेला असतो. काम चालू असेपर्यंत दोन्ही पायांना एक वायर गुंडाळून ठेवा, आणि पुन्हा वीज देण्याआधी ती आठवणीने काढा.